सव्वासहा मीटर सुतळी

जुने खेळाडू आजच्या बास्केटबॉलमध्ये टिकले असते का, हा वाद मी लहानपणापासून ऐकत आले. पंचवटीतल्या एका शाळेच्या मागे आमचं मैदान होतं आणि त्याच्या कडेला सिमेंटचा एक कट्टा. रोज संध्याकाळी त्यावर तीन-चार जुने खेळाडू गुडघे चोळत बसायचे आणि स्वतःला आजच्या संघात घालून बघायचे. त्यांची ती करमणूक होती, खर्च काही नाही आणि हरण्याची भीतीही नाही. मला मात्र त्या प्रश्नाचं उत्तर पक्कं माहीत आहे, कारण त्याचा प्रयोग माझ्यावर झाला.

कट्ट्यावर मधोमध बसणारे उंच गृहस्थ म्हणजे माझे बाबा. नोकरीने ते सरकारी कचेरीत कारकून होते, पण कचेरीतलं त्यांचं टेबल कुठे आहे हे विचारलं तर आमच्या गल्लीत कुणाला सांगता आलं नसतं. मैदान विचारलं असतं तर शेंबड्या पोरानेही आणून सोडलं असतं. साठ-सत्तरच्या दशकात ते याच मुरमाच्या मैदानावर खेळले, आधी अनवाणी आणि नंतर कॅनव्हासच्या बुटांत. ते पिव्होट होते. पिव्होट म्हणजे रिंगकडे पाठ करून उभा राहणारा, चेंडू हातात आला की पाठीवरच्या माणसाचा भार जोखणारा, आणि तो माणूस जिकडे कलेल त्याच्या उलट बाजूने गिरकी घेऊन चेंडू टाकणारा. बाबा रिंगखाली रोवले गेले की दोघांनी मिळून ढकललं तरी हलायचे नाहीत, असं लोक सांगत. मी त्यांना खेळताना कधी पाहिलं नाही. माझ्या जन्माआधीच त्यांचा डावा गुडघा गेला होता.

मी पाहिलं ते त्यांना रेघा मारताना. दर रविवारी सकाळी मैदानावर फक्की मारायची असे. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. ती पत्र्याच्या डब्यात भरायची, डब्याच्या तळाला भोकं पाडलेली, आणि तो डबा हलवत हलवत रेघेवरून चालायचं. गोल काढायचा असला की एक खिळा, एक सुतळी आणि दोन माणसं लागत. एकाने मधोमध खिळा दाबून धरायचा, दुसऱ्याने सुतळी ताणून डबा फिरवायचा. सहाव्या वर्षापासून तो खिळा मी धरला. बाबा म्हणायचे, "हलू नकोस. तू हललीस तर सगळं मैदान हलेल." आणि मी श्वाससुद्धा जपून घ्यायची. आठवड्यातल्या त्या एका तासात बाबा कुणावर चिडत नसत, म्हणून मला रविवार आवडायचा.

त्या मैदानावर सगळ्या रेघा होत्या, एक सोडून. रिंगपासून सव्वासहा मीटरवर काढतात ती मोठी कमान आमच्याकडे नव्हती. तिच्या बाहेरून बास्केट केली तर दोनाऐवजी तीन गुण मिळतात. नव्वदचं दशक सुरू झालं तेव्हा हा नियम येऊन बरीच वर्षं झाली होती, गावोगावच्या मैदानांवर ती कमान दिसत होती. बाहेरचा संघ आमच्याकडे सामना खेळायला आला की त्यांची पोरं विचारायची, "तीनची रेघ कुठंय?" बाबा शांतपणे सांगायचे, "आमच्या मैदानावर सगळ्या बास्केट सारख्या." कुणी फारच हुज्जत घातली तर म्हणायचे, "रिंगपर्यंत जायची छाती नाही त्यांच्यासाठी केलेली सोय आहे ती." कट्टा यावर हसायचा. मीही हसायची. खोटं कशाला बोलू, मला ते वाक्य फार मोठं वाटायचं.

मला मुलगी म्हणून वाढवायचं की पिव्होट म्हणून, हा निर्णय बाबांनी मी बारा वर्षांची असताना घेतला. तोवर मी आईच्या डोक्यावरून बघायला लागले होते. आई म्हणायची, "उंची बापाची घेतलीस ती घेतलीस, नशीब तरी दुसरं घे." पण बाबांचा हर्ष मनात मावत नव्हता. रोज सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी कट्टा भरायच्या आधी ते मला शिकवायचे. उजव्या हाताने शंभर हुक, डाव्या हाताने शंभर. डोक्यावरून अर्धवर्तुळात हात नेऊन एका हाताने टाकायचा तो हुक. मग पाठ. ते माझ्या पाठीला पाठ लावून उभे राहायचे आणि ढकलायचे, मी ढकलायचं नाही, फक्त जोखायचं. "चेंडूला घाई नाही," ते सांगायचे. "समोरच्याला घाई होऊ दे. घाई झाली की तो चुकतो." चेंडू हातात आल्यावर अमुक सेकंदांत टाकलाच पाहिजे असा नियम तेव्हाही होता, पण आमच्या मैदानावर ते घड्याळ नव्हतं, आणि घ्यावं असं कुणाला वाटलंही नव्हतं. रिंगपासून पाच पावलांच्या पलीकडून मी चेंडू टाकला तर बाबा तो परत द्यायचे नाहीत. मला पळत जाऊन आणावा लागे. सातवी-आठवीत असतानाच माझी ती खोड मोडली.

आणि मी चांगली होते, हे सांगायला आता लाजायचं काय? जिल्ह्यात रिंगखाली मला अडवणारी मुलगी नव्हती.

मैदानाला लागून आदिवासी मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथली एक मुलगी रोज येऊन मैदानाबाहेर उभी राहायची. पेठकडच्या डोंगरातली, म्हणून आमच्यासाठी पेठवाली, भाताच्या शेतावर वाढलेली, माझ्याच वयाची, पण माझ्या खांद्याला लागेल एवढीच. तिने बाबांना विचारलं, "सर, मी बी खेळू?" बाबांनी तिला एक चेंडू टाकायला लावला. तिने तो छातीपासून दोन्ही हातांनी, चिंचा पाडायला दगड मारावा तसा भिरकावला, आणि तो नेमका रिंगमध्ये पडला. कट्ट्यावरच्या एका काकांनी "वा!" म्हटलं. बाबांचा चेहरा मात्र उतरला. ते म्हणाले, "हे बास्केटबॉल नाही. उंची नाही तर निदान आत शिरायला शीक." ती आत शिरायला शिकली नाही, कारण आत आम्ही उंच मुली होतो आणि आम्ही तिला चेपून काढायचो. शेवटी बाबांनी तिला कामाला लावलं. बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचा. मग ती बाजूच्या रेघेबाहेर उभी राहायची, चेंडू यायचा, आणि परत द्यायच्या आधी ती तो तिथूनच रिंगवर टाकायची. रोज, दोन वर्षं. बाबांनी तिला कधी थांबवलं नाही. तेव्हा मला वाटायचं की ते दुर्लक्ष करतात.

मग गल्लीत केबल आली. शेजारच्यांकडे अमेरिकेतले सामने दिसायला लागले. बाबा आणि कट्टेकरी चहा पिऊन तिकडे जमायचे. तिथले सहा-सात फुटांचे गडी उड्या मारून चेंडू रिंगमध्ये कोंबायचे, ते बाबांना चालायचं. पण कुणी लांबून टाकून तीन गुण घेतले की ते उठून अंगणात जायचे. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका होते, बाबांबरोबर खेळलेले, कट्ट्यावरचे सगळ्यात गप्प. ते बाबांच्या पाठीकडे बघत बसायचे. त्या बघण्याचा अर्थ कळायला मला पुढे दहा-बारा वर्षं लागली.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या एका मोठ्या कार्यालयाच्या महिला संघात खेळाडूंच्या कोट्यातून जागा भरायच्या होत्या. निवड झाली की कायमची नोकरी, राहायला खोली, आणि खेळायला लाकडी मैदान. त्याच सुमारास देवळ्याहून एक स्थळ सांगून आलं होतं. कांद्याचा व्यापार, घरचं चांगलं, मुलगा माझ्याहून दोन बोटं उंच. आईला दोन बोटं पुरेशी होती. घरात ठरलं ते असं की चाचणी द्यायची. निवड झाली तर लग्न पुढे, नाही झाली तर देवळा. मला ती नोकरी किती हवी होती हे मी कुणाला सांगितलं नाही. मला लग्नाची भीती नव्हती. मला चेंडू हातातून जाण्याची भीती होती.

चाचणीला पेठवालीही जाणार होती. कॉलेजच्या सरांनी तिचं नाव दिलं होतं. कॉलेजच्या सिमेंटच्या मैदानावर पिवळ्या ऑइलपेंटने मारलेली तीनची रेघ होती आणि तिथे ती आता संघात होती. तिने मला विचारलं, "तुला लांबून टाकता येतं का? तिकडं बघतात म्हणं." मी म्हणाले, मला गरज नाही. ती म्हणाली, "तरी बी. एकदा टाकून बघ ना."

चाचणीच्या आठवडाभर आधी, शनिवारी दुपारी मैदान मोकळं असताना आम्ही दोघींनी ती कमान काढली. तिने रिंगखाली खिळा धरला, मी सव्वासहा मीटर सुतळी मोजून ताणली आणि फक्कीचा डबा फिरवला. मी कधी डबा धरलेला नव्हता, रेघ जागोजागी जाड-बारीक झाली. तिने बाहेरून दहा टाकले, सहा गेले. मी दहा टाकले. दोन रिंगला लागले, बाकीचे तिथवर पोचलेच नाहीत. मला वाटलं, आठवडा आहे, होईल.

रविवारी सकाळी बाबांनी ती रेघ पाहिली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वसतिगृहाच्या नळावरून बादली आणली, पाणी शिंपडलं आणि खराट्याने ती सगळी कमान झाडून काढली. गुडघ्यामुळे त्यांना वाकता यायचं नाही, म्हणून एक पाय लांब ठेवून झाडत होते. अर्धा तास लागला. मी कडेला उभी होते. मग ते म्हणाले, "ये, खिळा धर." आणि आम्ही नेहमीच्या रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर जाऊन सराव करायला मला कोण अडवणार होतं? कुणीच नाही. पण गेले नाही. मला बाबांना चोरून काही करायचं नव्हतं. याला लोक संस्कार म्हणतात, मी आता गाढवपणा म्हणते.

पहाटेच्या एसटीने आम्ही तिघं निघालो, बाबा, मी आणि पेठवाली. कसाऱ्याच्या घाटात ती ओकली. बाबांनी तिला लिंबू दिलं, पाठ थोपटली. ते वाईट नव्हते. हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, स्वतःलाही.

चाचणी घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, गळ्यात शिट्टी, केस पुरुषांसारखे कापलेले. वीस-बावीस मुली होत्या. दोन संघ पाडून सामना लावला. पहिले दोन चेंडू मला रिंगखाली मिळाले. पाठीवरची मुलगी जोखली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दोन हुक, दोन बास्केट. कडेला कुणीतरी टाळी वाजवली. तिसऱ्या वेळी दोघी माझ्या अंगावर आल्या. मी थांबले. चेंडूला घाई नाही. मी त्यांना घाई व्हायची वाट बघत होते, आणि घड्याळाचा भोंगा वाजला. वेळ संपली, चेंडू त्यांच्याकडे. पुन्हा तेच झालं. मग आमच्याच संघातली एक मुलगी वैतागून म्हणाली, "अगं, तू बाहेर ये, अडकवतेस सगळ्यांना." मी बाहेर आले. कमानीपाशी उभी राहिले आणि मला तिथे अडवायला कुणीही आलं नाही. चेंडू माझ्याकडे आला. समोर रिंग, मध्ये एकही माणूस नाही. "टाक ना! टाक!" सगळ्या ओरडत होत्या. मी बाबांकडे पाहिलं. ते कडेला खुर्चीवर बसले होते. त्यांनी नाही अशी मान हलवली. अगदी थोडी. मी चेंडू दुसरीला दिला.

पेठवालीने त्या दिवशी किती टाकले ते मी मोजले नाहीत. ती आत गेलीच नाही. बाजूच्या रेघेजवळ, जिथे आमच्या मैदानावर ती चेंडू आणायला उभी राहायची, तिथेच ती उभी राहिली आणि टाकत राहिली.

शेवटी बाईंनी मला एकटीला बोलावलं आणि कमानीबाहेरून पाच चेंडू टाकायला लावले. एकही पोचला नाही. त्यांनी विचारलं, "कोणी शिकवलं तुला?" मी बाबांकडे बोट केलं. बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "फार सुंदर शिकवलंय हो. असे पाय आता कुणाचे बघायला मिळत नाहीत. वीस वर्षांपूर्वी हिला मी डोळे झाकून घेतली असती."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. पेठवाली माझा हात धरून बसली होती, तिला आनंद दाखवायची चोरी झाली होती. आणि बाबा खूश होते. खरंच खूश होते. घोटीला गाडी थांबली तेव्हा ते आमच्यासाठी भजी घेऊन आले आणि म्हणाले, "ऐकलंस ना? वीस वर्षांपूर्वी डोळे झाकून घेतली असती म्हणाल्या." पुढची कित्येक वर्षं हे वाक्य कट्ट्यावर फिरत होतं. आमच्या काळातला खेळ काय होता याचा तो दाखला होता.

पेठवालीला नोकरीचं पत्र आलं तेव्हा ती पेढे घेऊन घरी आली. बाबांच्या पाया पडली. म्हणाली, "सर, तुम्ही मला बाहेर उभी नसती केली ना, तर मला नसतं जमलं." ती टोमणा मारत नव्हती, तिला ते खरंच वाटत होतं. बाबांनी पेढा हातात धरून ठेवला. खाल्ला नाही. त्याच महिन्यात आम्ही देवळ्याच्या लोकांना होकार कळवला.

देवळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माणसं वाईट नाहीत. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात जळमटं काढायचा झाडू माझ्या हाती दिला, शिडी लागत नाही म्हणून. कांद्याच्या चाळीत बायकांबरोबर बसून सडका कांदा निवडायला मी शिकले. दाबून बघायचं, मान मऊ लागली की बाजूला टाकायचा. टोपली दूर असली की बायका कांदा लांबूनच टाकतात. मी उठून जाऊन ठेवायची. नवरा एकदा हसून म्हणाला, "अगं, टाक ना तिथूनच!" त्या दिवशी मी त्याच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही आणि त्याला कारण कळलं नाही. कारण मी त्याला अजूनही सांगितलेलं नाही.

बाबा गेले तेव्हा मला दोन मुलं होती. सकाळी मैदानावरून आले, गुडघा शेकायला बसले आणि बसल्या जागी गेले. मुलगा नसल्याने चुलतभावाने पाणी दिलं. दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. पिंड ठेवले, सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघायला लागले. कावळे होते, कठड्यावर ओळीने बसलेले. शेजारच्या लोकांच्या पिंडाला एक लगेच शिवला. आमच्याकडे एकही येईना.

मग रीतीप्रमाणे आश्वासनं सुरू झाली. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखायचं आणि मोठ्याने सांगायचं की त्याची काळजी करू नका. चुलतभाऊ म्हणाला, काकूंना अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. आई म्हणाली, मी नीट राहीन. नाही. मामा म्हणाले, खंडेनवमीला चेंडूची पूजा चुकणार नाही. एक कावळा कठड्यावरून खाली उतरला आणि परत वर गेला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकुलती लेक, अडकलं असेल तर हिच्यातच अडकलं असेल. आई कानाशी म्हणाली, "म्हण गं, माझं चांगलं चाललंय म्हण. माझी काही तक्रार नाही म्हण." मी तोंड उघडलं. मला बोलता येईना. रडू येत होतं म्हणून नाही, तर ते खोटं होतं म्हणून. गुरुजी घड्याळ बघायला लागले, मागे दुसरे लोक पिंड घेऊन उभे होते.

तेव्हा पोस्टातले काका पुढे झाले. हात जोडले आणि म्हणाले, "मैदानावर तीनची रेघ पडू देणार नाही. मी शब्द देतो."

कावळा लगेच आला. उभ्या उभ्या शिवला, चोच भरून गेला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कुणी हसलंसुद्धा, म्हणालं, मेल्यावरही खेळच आठवतोय गड्याला. मला इतका संताप आला की मी पायऱ्या चढून वर निघून गेले. माझं काय झालं, हे विचारायला त्यांचा जीव अडकला नव्हता. रेघेत अडकला होता.

काका मागून आले. घाटाच्या वर चहाची टपरी होती, तिथे त्यांनी मला बसवलं. मी म्हणाले, "तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही? त्या रेघेने माझं वाटोळं केलं, आणि तुम्ही तिचाच शब्द देता?"

"सुचलं ते खरं होतं, म्हणून दिला," काका म्हणाले. त्यांनी दोन चहा सांगितले. मग म्हणाले, "तुझा बाप पिव्होट नव्हता, बाई. तो नंतर झाला."

मला काही कळेना.

"आम्ही खेळायला लागलो तेव्हा तो लांबून टाकायचा. दोन्ही हातांनी, छातीपासून. ती पेठची पोर टाकायची ना, तस्संच. मधल्या गोलाच्या जरा पुढून टाकायचा आणि जायचे गं, दहातले सात जायचे. आमचे मास्तर त्याला छडीने मारायचे. म्हणायचे, तिथून टाकलास तरी दोन आणि रिंगखालून टाकलास तरी दोन, मग चुकायचा धोका कशाला? एवढी उंची काय शोभेला दिली? आत जा. मारून मारून त्याला आत घातला. आत गेला आणि गुडघा गेला. तरी सामना हातचा जायला लागला की बाहेर यायचा. निम्मे सामने आम्ही त्याच्या लांबच्या बास्केटांवर जिंकलेत."

"मग नियम आला तेव्हा..."

"तेव्हा त्याचं खेळणं संपून बरीच वर्षं झाली होती. नियमाचं पत्रक आलं त्या संध्याकाळी तो कट्ट्यावर एकटाच बसून होता. मी त्याला म्हटलं, आपल्यातला आजच्या खेळात टिकला असता असा तू एकटाच. आम्ही बाकीचे सगळे भंगारात गेलो असतो."

मी विचारलं, मला का नाही शिकवलं मग? हातात कला होती, घरात मुलगी होती, मग का नाही?

काकांनी बशी खाली ठेवली. "मी पण विचारलं होतं. तू चाचणीला गेलीस त्याच्या आधी. म्हणाला, ती रेघ मारली तर मला माझ्या लांबच्या सगळ्या बास्केट पुन्हा मोजाव्या लागतील."

माझा चहा तसाच राहिला. बाबांवर चिडायचं ठरवून बसलेल्या माणसाला त्यांचीच कीव करावी लागणं, याच्याइतकं वाईट काही नाही. पेढा हातात धरून बसलेले बाबा मला दिसले, खराट्याने कमान झाडणारे दिसले. त्यांना माहीत होतं. मला काय लागणार आहे हे नाशकात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी चाचणीत त्यांनी नाही अशी मान हलवली.

तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी मी मैदानावर गेले. पत्र्याचा डबा, फक्कीचं पोतं, खिळा, सुतळी, चेंडू, सगळं शाळेच्या अडगळीच्या खोलीत होतं तसंच होतं. नेहमीच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या, बाबांनी शेवटच्या मारलेल्या. खिळा धरायला कुणी नव्हतं. मी तो रिंगखाली दगडाने ठोकला, दोनदा उखडला, तिसऱ्यांदा बसला. सव्वासहा मीटर सुतळी मोजली आणि कमान काढली. अर्धी झाली असेल तेव्हा काका आले, कट्ट्यावर बसले. त्यांनी शब्द दिलेला होता. ते उठले, कट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले.

मी चप्पल काढली, पदर खोचला, रेघेबाहेर उभी राहिले. चेंडू छातीशी दोन्ही हातांनी धरला, काकांनी सांगितला तसा. टाकला. रिंगच्या हातभर अलीकडे पडला आणि घरंगळत कुंपणाला जाऊन लागला. आणायला मीच गेले. पुन्हा टाकला. पुन्हा तिथेच पडला.

तिसऱ्यांदा टाकला नाही. देवळ्याची गाडी अकराची होती. मी सुतळी गुंडाळली, डबा जागेवर ठेवला. रेघ पुसली नाही.